शरदात पानं कुठं गळतात?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. देव्हाऱ्यापुढचं सोनं सुकून कुरकुरीत झालं होतं आणि दारावरच्या झेंडूच्या तोरणानं मान टाकली होती. शनिवारी संध्याकाळी सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, उद्या सकाळी हिला घेऊन जरा खाली बागेत जाल का? शाळेतून प्रोजेक्ट आलंय. पिवळी पडलेली पानं गोळा करून कागदावर चिकटवायचीत. सोमवारी द्यायचंय."

प्रोजेक्ट म्हटलं की हल्ली घरोघरी मुलांच्या नव्हे, आयांच्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे तो आजीच्या वाट्याला येतो, एवढाच फरक. नात दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. तिच्या हातातला कागद घेऊन पाहिला. वर ठळक अक्षरांत ‘ऑटम’. खाली एक बोडकं झाड, बुंध्याशी नारिंगी पानांचा ढीग आणि त्या ढिगात उभा असलेला, गळ्यात मफलर गुंडाळलेला एक गुटगुटीत मुलगा. आमच्या दिवाणखान्यात तेव्हा पंखा पाचवर फिरत होता आणि तरीही मी वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते. ऑक्टोबरचा उकाडा पुणेकरांना काय सांगायला हवा!

रविवारी सकाळी नात, तिचा चार वर्षांचा धाकटा भाऊ आणि मी अशी तिघांची वरात पिशवी घेऊन सोसायटीच्या बागेत उतरली. अर्धा तास फिरलो. झाडं सगळी हिरवीगार. चार महिने पावसात न्हाऊन निघालेली, अंगानं भरलेली, नुसती तुकतुकीत. खाली पडलेलं म्हणावं तर प्राजक्ताची फुलं आणि कुणीतरी टाकलेला चिप्सचा कागद. नात कमरेवर हात ठेवून एका झाडाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, ऑटम आलाय हे झाडांना कुणी सांगितलं नाही का गं?"

मला हसू आलं आणि लगेच ते घशात अडकलंही. का, ते सांगते.

मी एकतीस वर्षं शिक्षिका होते. आधी पुरंदर तालुक्यातल्या एका गावात, मग पुण्यात. त्या काळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. ऋतूंचा धडा आला की मी फळ्यावर लिहायचे : ऑटम म्हणजे शरद ऋतू, ऑटममध्ये झाडांची पानं गळतात. मुलं मुकाट्यानं उतरवून घ्यायची. त्याच मुलांकडून मराठीच्या तासाला मी वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर असे सहा ऋतू घोकून घ्यायचे आणि पानगळ शिशिरात होते असं शिकवायचे. म्हणजे इंग्रजीच्या तासाला पानं आश्विनात गळायची आणि मराठीच्या तासाला माघात! दोन्ही तास माझेच. वर्गाची खिडकी सताड उघडी आणि खिडकीबाहेर शाळेचा लिंब. त्याच्याकडे एकदा मान वळवून बघावं असं माझ्या मनात कधी आलं नाही.

१९८९ सालची सहामाही परीक्षा मात्र लक्षात राहिली आहे. तोंडी परीक्षेत मी धनगरवाड्यावरच्या एका मुलाला विचारलं, "ऑटममध्ये काय होतं?" तो जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला, मग म्हणाला, "गवात पिकतं, बाई." मी म्हटलं, "पानं गळतात." तर तो ठामपणे म्हणाला, "पानं न्हाईत गळत. पानं शिमग्याला झडत्यात."

वर्ग हसला. मी दोनापैकी शून्य गुण दिले.

दिवाळीनंतर दरवर्षीप्रमाणे त्यांचा वाडा मेंढरं घेऊन कोकणात उतरला. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. माझ्या शून्यामुळे आला नाही असं नव्हे, एवढं मला कळतं. पण जो मुलगा वर्षाचे आठ महिने मेंढरांच्या पाल्यामागं चालत होता, त्याला पानं केव्हा झडतात हे मी शिकवत होते. त्या रविवारी बागेत ही गोष्ट मला आठवली आणि मी दोन्ही पोरांना म्हटलं, "चला, रिक्षा करू. टेकडीवर जाऊन बघू, शरदात काय होतं ते."

वेताळ टेकडी पुणेकरांना नवी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची, शहरातली सर्वांत उंच टेकडी. आमच्या घरापासून रिक्षेच्या टप्प्यात असूनही मी तिथं गेल्याला पंधरा वर्षं झाली होती. वर पोचेपर्यंत साडेसात वाजले. आणि समोर काय? गुडघाभर, कुठं कंबरभर गवत, अर्धं हिरवं आणि अर्धं तांबूस सोनेरी झालेलं. दंव अजून उतरायचं होतं. वाऱ्याची झुळूक आली की सबंध उतारच्या उतार एका अंगावर कलायचा. गवात पिकतं, बाई! गवतात मधूनमधून कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि कातळाच्या कडेनं सोनकीचे पिवळे ठिपके. पिवळी पडलेली पानं मात्र मोजून तीन सापडली आणि तीही कुणा किड्यानं कुरतडलेली.

मग तिथंच एका दगडावर बसून नातीला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. थंड देशांत शरद लागला की दिवस लहान होतात, गारठा वाढतो, पुढं बर्फ पडणार असतं. तेव्हा तिथली झाडं पानांतला हिरवा रंग मोडून त्यातलं कामाचं तेवढं आत ओढून घेतात. हिरवा गेला की त्याच्याखाली दडलेला पिवळा उघडा पडतो. काही झाडं वर तांबडाही चढवतात, आणि पानं गळतात. आपल्याकडच्या झाडांना भीती बर्फाची नसते, पाण्याच्या दुष्काळाची असते. आश्विनात जमिनीत ओल असते, ऊन स्वच्छ असतं. अशा भरल्या घरात पानं टाकायचा वेडेपणा कोण करील? ती टाकायची माघ-फाल्गुनात, जमीन कोरडी पडल्यावर. आणि एक गंमत त्यांना सांगितली नाही, इथं सांगते. त्या देशांत झाडं लाल होतात ती पानं जायच्या वेळी. आपल्याकडे ती लाल होतात पानं येताना. फाल्गुन-चैत्रात घाटातून जाताना लालभडक पेटलेला कुसुंब पाहा, किंवा दारातल्या पिंपळाची तांबूस, लुसलुशीत पालवी पाहा. तांबडा रंग तिथं निरोपाचा आणि इथं बारशाचा!

पोरांना यातलं किती कळलं कोण जाणे. माझं भाषण संपायच्या आत धाकटा ओरडला, "आजी, माझे मोजे चावतायत!"

पाहते तर मोज्यांना कुसळं टोचलेली. एक-दोन नव्हे, वीस-पंचवीस. मी एकेक उपटून काढत होते आणि नात विचारत होती, "कुसळ म्हणजे काय गं?" मी चपापलेच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी किती मुलांना शिकवली असेन, किती वेळा वाक्यात उपयोग करून घेतला असेन. पण कुसळ असं चिमटीत धरून कुणाला दाखवलं नव्हतं. मुसळ दाखवायची सोय तर आता घरात उरलेलीच नाही. ते राहो. कुसळ मात्र अजून फुकट मिळतं.

आणि ती काय चीज आहे म्हणून सांगू! टोकाला भाल्यासारखं अणकुचीदार बी आणि मागं पिळ्याची लांब शेपटी. लहानपणी आम्ही करायचो तो खेळ मला आठवला. बाटलीतलं थोडं पाणी नातीच्या तळहातावर ओतलं आणि वर एक कुसळ ठेवलं. काही क्षण काहीच नाही. मग त्या शेपटीचा पीळ उलगडू लागला आणि कुसळ तळहातावर गर्रकन वळलं. "ए, हे जिवंत आहे!" नातीनं हात झटकलाच. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. दिवसाचं ऊन आणि रात्रीचं दंव यांच्या जोरावर हे बी स्क्रूसारखं स्वतःला जमिनीत फिरवून घेतं. पुढच्या मृगाच्या पावसाची सोय आश्विनातच. त्या खेळात पाऊण तास गेला. आम्ही टेकडीच्या माथ्यापर्यंत गेलोच नाही. लहान मुलांबरोबर माथा वगैरे गाठायच्या भानगडीत पडूच नये, हे त्या दिवशी मला कळलं. मोठ्यांना कुठंतरी पोचायचं असतं आणि मुलं तर आधीच पोचलेली असतात. दोन तासांत आम्ही फारतर दोनशे पावलं चाललो असू, पण त्यातल्या प्रत्येक पावलाला काहीतरी होतं. शिवाय त्यांची नजर गवताच्या उंचीला असते. गवताच्या दोन काड्यांमध्ये जाळं विणून मधोमध बसलेली, पिवळ्या पट्ट्यांची टपोरी कोळीण मला दिसलीच नव्हती. धाकट्याच्या ती बरोबर नाकासमोर आली. जाळ्यात पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी फुलीसारखी काढलेली. "हिनं चूक म्हणून फुली मारलीय," नात म्हणाली. शाळा डोक्यातून जात नाही ती अशी.

सोमवारी कागद गेला. पानांच्या जागी तीन कुसळं, कुर्डूचा एक तुरा आणि देव्हाऱ्यातलं आपट्याचं सुकं पान. दोन दिवसांनी परत आला, त्यावर लाल शाईत एकच शब्द आणि पुढं प्रश्नचिन्ह : पानं? मला त्या शिक्षिकेचा राग आला नाही. छापील कागद तिच्याही हाती वरूनच आला असणार. आणि त्या लाल शाईची बाटली मी चांगली ओळखते.

आपट्यावरून आठवलं. दसऱ्याला बाजारात सोनं म्हणून जे विकायला येतं त्यात कित्येकदा कांचनाची पानं असतात. दोन्हीच्या पानाला मधोमध खाच. पण आपट्याचं पान लहान, जाडसर, खरबरीत आणि कांचनाचं मोठं. टेकडीवर आम्हाला एक आपटा दिसला, खालच्या सगळ्या फांद्या ओरबाडलेल्या, काही अर्ध्या मोडून लोंबत असलेल्या. नातीनं त्याला ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर आपण वाटलेलं सोनं ते हेच का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती पुढं काही बोलली नाही, मीही नाही. आमच्याकडे यंदा एकच पान देव्हाऱ्यापुढं ठेवायचं आणि बाकीच्यांना तिळगुळासारखं काहीतरी गोड द्यायचं असं माझ्या मनात आहे, सुनेशी अजून बोलायची आहे.

दुसऱ्या रविवारी मी शहाणी होऊन निघाले. साडेसहालाच घर सोडलं, कारण नऊनंतर या दिवसांतलं ऊन मुलांना सोसत नाही. पूर्ण बाह्यांचे सदरे, बूट, पाण्याच्या दोन बाटल्या, डब्यात गूळ-शेंगदाणे आणि दडपे पोहे. निघण्यापूर्वी तीन गोष्टी बजावल्या : पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही; दगडाच्या फटीत, बिळात हात घालायचा नाही; आणि झुडपावर चढलेल्या वेलाची मखमली, सोनेरी लव असलेली शेंग दिसली तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ती खाजकुयली. या दिवसांत ती पिकू लागते आणि तिची लव अंगाला लागली की पोर दिवसभर नाचतं. पोळं दिसलं तर गप्प बसून मागं फिरायचं, हे चौथं. बस्स. याहून अधिक नियम केले की ती सहल राहत नाही, पुन्हा शाळा होते.

आणि तरीही त्या दिवशी घोटाळा व्हायचा तो झालाच.

पायवाटेच्या कडेला रुईचं झुडूप होतं. मारुतीला आपण जिच्या पानांची माळ घालतो, ती रुई. तिच्या पानांवर पाच सुरवंट होते. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, जणू कुणी लोकरीचे मोजे विणलेत, आणि अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. मी हरखून गेले. सांगू लागले : हा पुढं नारिंगी फुलपाखरू होणार, रुईचा चीक विषारी, पण हा ते विष खाऊन अंगात साठवतो, म्हणून पक्षी याच्या वाटेला जात नाहीत, असे भडक पट्टे म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी पाटीच. नात डोळे विस्फारून ऐकत होती. माझं लक्ष तिच्याकडे. तेवढ्यात धाकट्यानं हातातल्या काठीनं एक फटका मारला. एक सुरवंट जागच्या जागी चिरडला, दुसरा कुठंतरी उडाला.

मी ओरडले. अशी ओरडले की टेकडीवर फिरायला आलेले लोक वळून बघू लागले. "दुष्ट आहेस का तू?" असं चार वर्षांच्या मुलाला म्हणाले. त्याचा चेहरा एवढासा झाला. त्यानं काठी टाकून दिली आणि परत येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. रिक्षेत बसल्यावर हळूच म्हणाला, "तो दीदीला चावणार होता."

विषाचं एवढं रसभरित वर्णन मीच केलं होतं. दीदी झुडपाशी वाकलेली. त्याच्या हिशेबानं त्यानं बहिणीला वाचवलं होतं!

पुढच्या रविवारी तो आला नाही. "मला टेकडी आवडत नाही," असं सांगून मोबाइल घेऊन बसला. आम्ही दोघी गेलो. रुईच्या पानाखाली एक कोष लटकत होता, पोपटी, मण्यासारखा, कडेला सोन्याचे ठिपके दिल्यासारखा. नातीला आनंद झाला, पण अर्धाच. "त्याला दाखवायला हवा होता," ती म्हणाली. कोष आठ-दहा दिवसांत फुटतो. गुरुवारी दिवाळीची सुट्टी होती म्हणून भल्या पहाटे दोघी पुन्हा धावलो, तर कोष रिकामा. पातळ, पारदर्शक, फाटक्या कागदासारखा. फुलपाखरू बाहेर येताना बघायचं राहिलंच. नात पाय आपटत म्हणाली, "एक दिवस थांबायला काय झालं होतं त्याला!" मोबाइलवर दाखवते असं म्हणणार होते, पण जिभेवर आलेलं गिळलं. हुकलं ते हुकलं. टेकडीवर पुन्हा लावा असं कुणाला सांगता येत नाही, हेही एकदा कळायला हवं होतं.

परत येताना वाटेत खुळखुळ्याची झुडपं लागली. शेंगा वाळून कडक झाल्या होत्या, हलवल्या की आत दाणे वाजतात. आमच्या लहानपणी तान्ह्या मुलाच्या हातात हाच खुळखुळा असायचा. त्या झुडपांवर निळसर ठिपक्यांच्या काळ्या फुलपाखरांची ही झुंबड. फुलांवर नव्हे, वाळक्या काड्यांवर! या झाडात एक कडू, विषारी द्रव्य असतं, आणि नर फुलपाखरं ते चाटून त्यापासून मादीला भुलवणारं अत्तर तयार करतात. हे ज्ञान मला अलीकडे पुस्तकातून मिळालं. एवढं मोठं अत्तराचं दुकान जन्मभर वाटेवर होतं आणि आम्ही त्याच्या शेंगा वाजवत होतो. एक डहाळी धाकट्यासाठी घेतली.

ती देताना त्याच्याशी बोलायचं होतंच. त्याला गच्चीवर घेऊन गेले. संध्याकाळची वेळ, ऊन कललेलं. आमच्या डोक्यावर पन्नासेक चतुर घिरट्या घालत होते, पिवळसर सोनेरी, पंख काचेसारखे. या दिवसांत ते कुठंही दिसतात, गच्चीवर, मैदानावर, रस्त्याच्या सिग्नलवरसुद्धा. मी त्याला म्हटलं, "तुझ्याएवढी होते ना, तेव्हा मी चतुर पकडायचे. शेपटीला दोरा बांधायचे आणि हेलिकॉप्टर म्हणून उडवायचे. संध्याकाळपर्यंत ते मरायचे." तो माझ्याकडे बघत राहिला. "मग तुला कोण ओरडलं?" "कुणीच नाही." हे त्याला फारसं पटलं नसावं. न्याय झाला नाही असा त्याचा चेहरा होता. मग मी म्हटलं, "मी तुला ओरडले ते चुकलं. तू दीदीला वाचवत होतास." तो म्हणाला, "हो." आणि खुळखुळा वाजवायला लागला.

या चतुरांची गोष्ट मात्र मोठ्यांनीही ऐकण्यासारखी आहे. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला एक कोडं पडलं होतं. त्या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाहीच, चतुरांना अंडी घालायला डबकी नाहीत. तरी दरवर्षी ऑक्टोबर लागला की लाखो चतुर येतात आणि थोड्या दिवसांत नाहीसे होतात. त्यानं वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ साली मांडलं, की हे चतुर भारतातून येतात. आपल्या मोसमी पावसाच्या डबक्यांत वाढतात, पाऊस ओसरला की वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत, तिथल्या पावसात उतरतात. पुढं त्यांची पिल्लावळ उलट्या वाऱ्यानं आपल्याकडे येते. सगळी फेरी चौदा ते अठरा हजार किलोमीटरांची आणि ती पुरी व्हायला चार पिढ्या लागतात, असा त्याचा अंदाज. बोटाएवढा जीव! आणि आम्ही त्याच्या शेपटीला वीतभर दोरा बांधून तो कुठवर जातो ते बघत होतो.

लोक विचारतात, मुलांना निसर्ग दाखवायला कुठं न्यावं? या दिवसांत उत्तर ठरलेलं असतं : कास. साताऱ्याजवळचं ते पठार सुंदर आहे यात शंका नाही, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला तो उगीच नाही. पण चार वर्षांच्या मुलाला पाच तास गाडीत कोंबून, रांगेत उभं करून, ‘हात लावू नको’ एवढंच ऐकवून परत आणायचं असेल तर त्यापेक्षा घरामागचं मोकळं मैदान बरं. तिथं त्याला चारदा जाता येतं. पहिल्या खेपेला काही दिसत नाही. दिसायला लागतं ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, कालचं आज कसं बदललं हे कळल्यावर. सप्टेंबरात उत्तरेकडून येणारा शेपटी हलवणारा धोबी पक्षी आमच्या गच्चीवरच्या टाकीपाशी आला होता. त्याच्यासाठी कुणी तिकीट काढलं नव्हतं.

धाकट्याचं तेच झालं. टेकडी त्याला नकोशी झाली होती, पण दिवाळीचा किल्ला जवळ आला. किल्ल्यासाठी माती खणणं आणि त्यावर अळीव पेरून दोन दिवसांत उगवलेला हिरवा गालिचा बघणं, ही आपल्या मराठी मुलांची शरदातली जुनी प्रयोगशाळा. प्लॅस्टिकचे तयार किल्ले मिळू लागल्यापासून ती ओस पडत चालली आहे, हे मला फार खटकतं. माती खणायला तो इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी गेला आणि पाचच मिनिटांत ओरडत आला, "आजी, चल! जमिनीला भोकं पडलीयत!"

भिंतीच्या आडोशाच्या भुसभुशीत कोरड्या मातीत इवले इवले खड्डे होते, नरसाळ्यासारखे, अगदी गोल. प्रत्येकाच्या तळाशी मातीत दडून एक अळी बसलेली असते, फक्त जबडे बाहेर. मुंगी काठावरून घसरली की वाळू निसटते, मुंगी वर चढू बघते, आणि खालून अळी तिच्यावर वाळूचे फवारे उडवते. पुढं या अळीचा चतुरासारखा दिसणारा नाजूक, पंखवाला कीटक होतो. या खेपेला मी तोंड बंद ठेवलं. दोघंही उकिडवे बसलो.

एक मुंगी आलीच. घसरली. चढली. पुन्हा घसरली. त्यानं गवताची एक काडी उचलली आणि खड्ड्यावर धरली, पण आत घातली नाही. माझ्याकडे बघितलं.

"आजी, मुंगीला काढू?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"काढलं तर खालच्याला भूक लागेल."

"हो."

"नाही काढलं तर मुंगी मरेल."

"हो."

एकतीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं काडी तशीच धरून ठेवली. त्याचा हात थरथरत होता. शेवटी मुंगीनंच काय केलं कोण जाणे, काडीचं टोक तिला लागलं असेल किंवा नसेल, ती काठावर आली आणि पळाली. त्यानं सुस्कारा सोडला. मग बराच वेळ विचार करून म्हणाला, "उद्या त्याला दुसरी मिळेल." किल्ल्याची माती त्यानं तिथून घेऊ दिली नाही. पलीकडच्या कुंड्यांतून आणावी लागली आणि त्यावरून शेजारच्यांशी थोडी बोलाचालीही झाली. असो.

होळीच्या आदल्या रविवारी तिघंही पुन्हा टेकडीवर गेलो. गवत संपलं होतं, काही उतार तर वणव्यानं काळे पडलेले. गिरिपुष्पाच्या उघड्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलं. पायथ्याशी लावलेल्या सागाखाली घोट्याएवढा पाचोळा. सागाचं एकेक पान धाकट्याच्या तोंडापेक्षा मोठं. त्यानं त्याला डोळ्यांसाठी दोन भोकं पाडून मुखवटा केला. दोघं त्या पाचोळ्यात उड्या मारत होती आणि कर्रकर्र आवाजानं टेकडीवरचे टिटवे ओरडत उठले होते.

नात धापा टाकत माझ्याजवळ आली. "आजी, आत्ता पानं गळतात हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"माझ्या वर्गातल्या एका मुलानं."

"मग त्याला तू स्टार दिलास?"

मी काही बोलायच्या आत धाकट्यानं मागून येऊन पाचोळ्याची भरलेली ओंजळ माझ्या डोक्यावर रिकामी केली.